सीमा आखण्यापूर्वी ग्रामसभा
(नांदेड येथे अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सरहद्दीवरील पैनगंगा अभयारण्य आपणांस परिचित आहे. सन 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेलंगण, नांदेड, हिंगोली असा मार्ग आक्रमीत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातील पट्ट्यामुळे हा प्रवास आपल्याला कळला. अशा वनांना अधिक संरक्षण मिळावे, हे कोणीही सुजाण मनुष्य मान्य करील. प्रश्न आहे तो सीमेचा, आणि ती कोणाला विचारून आखावयाची याचा. लातूरकर श्रोत्यांना तो दूरचा वाटेल. त्यांच्या जिल्ह्यात वन नावापुरतेच उरले आहे.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोठे अंतर ठेवले आहे. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र सर्व हक्क शासनाकडे निहित व्हावे लागतात आणि गुरांना चराई बंद होते. म्हणून किनवट-माहूरच्या डोंगरातला गुराखी 'उद्यान' हा शब्द ऐकताच बिचकतो. शहरात त्याचा अर्थ बाग असा होतो!

कागदावरची सीमा कशी फसते, हे सोलापूर-अहिल्यानगरच्या माळढोक अभयारण्याने दाखविले. 1979 मध्ये तब्बल 8,496 चौरस किलोमीटर क्षेत्र घोषित झाले. त्यात पिकती शेते आली, गावेच्या गावे आली. पुढे तेच क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. मधल्या तीन दशकांत शेतकऱ्यांच्या मनात त्या पक्ष्याविषयी अढी बसली. पक्षी वाढला असता, तर तो त्रास सार्थकी लागला असे म्हणता आले असते. पण माळढोक आज तेथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आवाज दिला. वन्यजीवांसाठी राखून ठेवावयाच्या क्षेत्रातून कोणाचे पुनर्वसन करावयाचे, तर तिची लेखी संमती आवश्यक ठरली. तथापि आपल्या भागात एक वेगळीच अडचण आहे. गोंड, कोलाम, आंध या अनुसूचित जमाती आहेत. बंजारा समाज महाराष्ट्रात त्या सूचीत नाही. त्यामुळे वनवासी बांधवांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा वनातील निवास दाखविणे पुरेसे होते, तर शेजारच्या तांड्याला त्या दिनांकापूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे सिद्ध करावी लागतात. हिशेब 1930 पर्यंत मागे जातो. तेव्हा येथे निजामाचे राज्य होते, दप्तर उर्दूत होते, आणि बैलांवर माल लादून फिरणाऱ्यांची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटणार? एकाच डोंगराच्या दोन उतारांवर राहणाऱ्या शेजाऱ्यांना असे दोन मापांनी मोजले, तर सीमेचा वाद गावातच पेटेल.

नियमांनी यावर एक वाट ठेवली आहे. दावेदाराव्यतिरिक्त इतर वृद्धांचे लेखी निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते. असे वृद्ध आता फार थोडे उरले आहेत. उद्यानाचा प्रस्ताव येईल तेव्हा येईल. त्यांची निवेदने मात्र याच हिवाळ्यात, तांड्या-तांड्यांवर जाऊन लिहून घेतली पाहिजेत.