लाखेची डाळ आणि मजुराचे ताट

अन्नाचा कस हा विषय निघाला की दुधातील पाणी, तुपातील वनस्पती आणि तिखटातील रंग यांची चर्चा सुरू होते. ती तक्रार खरी आहे. परंतु ती विकत घेणाऱ्याची तक्रार आहे. ज्याच्या पदरात मजुरी म्हणून धान्यच पडते, त्याला ते पारखून घेता येत नाही. याचे एक उदाहरण मध्य प्रदेशानेच दिले आहे. ते लाखेच्या डाळीचे.

हिंदीत हिला खेसारी किंवा तिवडा म्हणतात, पूर्व विदर्भात लाखोळी. हे पीक मोठे चिवट. पाऊस ताणला तरी तग धरते, पाणी तुंबले तरी कुजत नाही. उभ्या धानात बी फेकले की नांगरटीवाचून उगवते. शंभर ग्रॅम डाळीत सुमारे 28 ग्रॅम प्रथिने असतात. गरिबाच्या दृष्टीने ही देणगीच म्हटली पाहिजे.

परंतु या देणगीत विष आहे. दोन-तीन महिने आहाराचा मोठा भाग या डाळीचाच राहिला, तर काहींच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागतात, गुडघे ताठतात, टाच भुईला टेकत नाही. पुढे एक काठी लागते, मग दोन; आणि शेवटी माणूस हातांवर सरपटू लागतो. बुद्धी शाबूत राहते, आयुष्यही संपत नाही. गेलेले पाय मात्र कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. रोग गाठतो तो मुख्यत्वे तरुण, कर्त्या पुरुषांना.

सागर प्रांतात 1830 च्या सुमारास लागोपाठ गहू बुडाला आणि लोक या धान्यावर जगले. त्यानंतर तरुणांचे पाय कसे लुळे पडले, ते स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने 1844 साली छापलेल्या पुस्तकात नोंदविले आहे. विषाचा नेमका घटक ओळखला गेला तो 1964 मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. तो पाण्यात विरघळतो. म्हणून डाळ कढत पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले, तर विष बरेचसे निघून जाते. उपाय सोपा वाटतो. पण ज्या घरी सरपण आणि पाणी दोन्ही मोजून वापरावे लागते, तेथे तो सोपा नाही. शिवाय त्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही वाहून जातात.

दुष्काळात हे धान्य खावे लागले, हे समजू शकते. परंतु रीवा व सतना या जिल्ह्यांत विसाव्या शतकातही चांगला गहू मालकाच्या कोठारात जाई आणि राबणाऱ्याच्या वाट्याला मजुरी म्हणून हीच डाळ येई. 1961 मध्ये केंद्र सरकारने अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली तिच्या विक्रीस मनाई केली. पण मालकाने मजुराच्या पदरात टाकलेले धान्य बाजारात येतच नव्हते. तेथवर निरीक्षकाचा हात पोचावा कसा? वेठबिगार रद्द करणारा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, 1976 मध्ये झाला. रोगाचे मूळ डाळीइतकेच मजुरीच्या रीतीत होते.

आता हा रोग क्वचितच आढळतो. त्याचे श्रेय केवळ बंदीला देता येणार नाही. मजुरी रोख मिळू लागली, शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळू लागला, ताटात दुसरे धान्य आले. म्हणून विषाचा जोर ओसरला. ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारखे अल्पविषारी वाणही निघाले आहेत. मात्र पेरा सुरू आहे, आणि तूर किंवा हरभऱ्याच्या डाळीत भेसळ करण्याचा मोहही आहे. अखंड दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा, कोनदार असतो. डाळ केल्यावर ओळख अवघड, आणि बेसनात तर नुसत्या डोळ्यांना अशक्यच.

लोकांचे पोषणमान उंचावणे हे शासनाचे कर्तव्य असल्याचे राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदात सांगितले आहे. त्याचा अर्थ इतकाच नव्हे की प्रत्येकाचे पोट भरावे. पोट तर त्या मजुरांचेही भरत होते. ज्याच्या श्रमावर आपले धान्य पिकते, त्याला ताटात काय घ्यावे हे निवडता आले पाहिजे. मजुराला धान्य देणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हेच धान्य मी माझ्या मुलांना रोज वाढीन काय?