विसराळूपणा, गोळ्या आणि गाडीची चावी

(वालावल, ता. कुडाळ येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



भाताच्या जाती सोडून हा माणूस म्हाताऱ्यांच्या गोळ्यांवर का बोलतो, असे तुम्हांला वाटेल. पण मुलगे मुंबईला आणि पॉवर टिलरच्या मुठीवर सत्तरीचे वडील, हे चित्र आपल्याकडे नवे नाही. म्हणून हा विषय शेतीचाच समजावा.

स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीस माणसाला चाळीस वर्षांपूर्वीची जमिनीची मोजणी पाठ असते, सकाळची गोळी घेतली की नाही ते मात्र आठवत नाही. हाताची सवय टिकते. मंदावतो तो झटपट निर्णय. तीव्र उतारावर टिलरचा स्टिअरिंग क्लच उलटा वागतो. डावा दाबला तर यंत्र उजवीकडे वळू शकते. तेथे विचार करायला सवड नसते. कुडाळच्या रस्त्यावरील वळणावर स्कूटरचेही तेच.

आता गोळ्या. या आजारात डॉक्टर बहुधा डोनेपेझिल देतात. मेंदूतील ॲसिटिलकोलीन मोडणारे विकर ती रोखते. हेच विकर क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस ही आपली फवारणीची औषधेही रोखतात, आणि ती फार जोराने. तेव्हा ही गोळी चालू असणाऱ्याच्या हाती फवारणी पंप देऊच नये. गोळीने काहींची नाडी मंद होऊन भोवळ येते. नवी गोळी सुरू झाली किंवा मात्रा वाढली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडी नको.

पावसाळ्यात सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळीत पुष्कळदा क्लोरफेनिरामिन असते. त्याने झोप येते, गोंधळ वाढतो आणि डोनेपेझिलच्या कामात अडथळा येतो. रात्रीच्या झोपेच्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत राहू शकते. मात्र चालू गोळी परस्पर बंद करू नये; सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात.

निदान झाले म्हणजे त्याच दिवशी प्रत्येकाची गाडी सुटते असे नाही, पण पुढे ती सोडावी लागतेच. पंचावन्नीनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. एवढ्या काळात हा आजार बराच पुढे जातो. त्यामुळे कागदावर विसंबू नका. दर महिन्याला घरातील कोणीतरी मागे बसून पाहावे. ओळखीचा फाटा चुकला, गाडीवर नवे ओरखडे दिसले, ब्रेक उशिरा लागला, तर चावी काढून ठेवावी.

चावी गेली की माणूस खचतो, हेही खरे. बाजाराच्या दिवशी त्यांना कोण नेणार, हे आधी ठरवा, आणि मगच चावी मागा.