भूक, मेंदू आणि मधुमेह
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



मघाशी पंक्तीत जिलबीचा आग्रह चालला असता, मधुमेह जडलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी दुसऱ्यांदा हात पुढे केला, तोच त्यांच्या घरच्यांपैकीच कुणी सर्वांदेखत म्हणाले, "जिभेवर ताबा असता तर हा रोग जडलाच नसता!" गृहस्थांनी मान खाली घातली व पान तसेच सोडून ते उठले. माझे टिपण बाजूस ठेवून त्या एका वाक्यासंबंधीच बोलण्याची अनुज्ञा असावी.

भूक ही केवळ जिभेच्या हातची गोष्ट नव्हे. तिचे मुख्य ठाणे मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नामक बदामाएवढ्या भागात आहे. संप्रेरके, म्हणजे रक्तातून निरोप नेणारे जासूद, तेथे सतत वर्दी देत असतात. रिकामे जठर घ्रेलिन धाडून अन्न मागते. जेवण आतड्यात उतरले की तेथून 'पुरे' असे निरोप निघतात. आणि अंगावरील मेद लेप्टिनच्या द्वारे आपल्या साठ्याची खबर देतो.

या लेप्टिनच्या शोधाची कथा ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली एक विलक्षण लठ्ठ उंदीर आढळला. पुढे १९६६ साली तसल्याच लठ्ठ, परंतु तीव्र मधुमेह असलेल्या दुसऱ्या जातीची माहिती प्रसिद्ध झाली. डग्लस कोलमन यांनी या मधुमेही उंदराचा रक्तप्रवाह निरोगी उंदराशी जोडला. निरोगी उंदराने अन्नच टाकले व तो उपासमारीने मेला. पहिल्या लठ्ठ उंदराशी जोडताच त्याचीही तीच गत झाली. मधुमेही मात्र खातच राहिला! कोलमन यांनी ताडले की, एकाच्या शरीरात तृप्तीचा निरोप निर्माणच होत नाही. दुसऱ्याच्या रक्तात तो भरपूर असतो, पण त्याच्या मेंदूला तो ऐकू येत नाही. १९९४ साली न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांना या निरोपाचे जनुक सापडले.

माणसांत लेप्टिनचा जन्मजात अभाव अत्यंत दुर्मिळ. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात ते उलट अधिकच असते. उणा पडतो तो मेंदूचा प्रतिसाद. मेद यकृतात व स्नायूंत साचत गेला की इन्शुलिनचा प्रभाव घटतो. स्वादुपिंड काही वर्षे जादा इन्शुलिन पुरवून निभावून नेते. ज्याचे मुळातच दुबळे, ते अखेर थकते, आणि साखर वाढते.

आता कुणी म्हणेल, मग पथ्य कशाला? पथ्य हवेच, वजन उतरल्याने साखर आटोक्यात येते, यात संशय नाही. परंतु ते किती कठीण आहे ते पाहा. मेलबर्न येथील संशोधकांनी स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवले. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, वजन उतरल्यावर घ्रेलिन वाढले, लेप्टिन घटले, आणि वर्षभरानंतरही ती पूर्वपदावर आली नव्हती. भूकही वाढलेलीच होती. पथ्य करणारा मनुष्य जिभेशी नव्हे, स्वतःच्या मेंदूशी झुंजत असतो. आणि आपण त्याला पंक्तीत आधी आग्रह करतो, मग बोल लावतो!

भोजन समितीकडे मी एक लेखी सूचना दिली आहे: पुढील वर्षी गोड पदार्थ पानात न वाढता निराळ्या मेजावर ठेवावा. तेवढी मान्य व्हावी.