ज्योत का धरत नाही?

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत घरापासून जरा अंतरावर मोटारीसाठी किंवा सुतारकामासाठी एक वेगळी शेड बांधलेली असते. घरातील ऊब तेथवर पोहोचत नाही. म्हणून तेथे प्रोपेन वायूवर चालणारा हीटर ठेवतात. ऐन हिवाळ्यात एखाद्या सकाळी मालक चावी फिरवतो, ठिणगी पडते, पण ज्योत काही धरत नाही. अशा वेळी माणूस यंत्रावर रागावतो. वास्तविक यंत्राचा हा नकार सकारण असतो, आणि ते कारण शोधण्याचा एक क्रम आहे.

शेडमध्ये वायूचा वास येत असेल, तर ठिणगी पाडणे तत्काळ थांबवावे. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत साचून राहतो. विजेच्या बटणालाही हात न लावता बाहेर पडावे आणि जाणकारास बोलवावे. तो उग्र वास प्रोपेनचा स्वतःचा नव्हे. धोका कळावा म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो.

वास नसेल, तर वायू ज्योतीपर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहावे. सिलिंडर रिकामा असेल, किंवा नवा जोडल्यामुळे नळीत हवा राहिली असेल. सिलिंडरची चावी एकदम उघडल्यास सुरक्षा-झडप वायूचा प्रवाह रोखते. ती बंद करून, थोडे थांबून, सावकाश उघडावी. थंडीचाही दोष असू शकतो. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणून हिमातही त्याची वाफ होते. तथापि थंडी वाढेल तसा त्याचा दाब घटतो. भारतातील घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्यूटेनही असतो. तो शून्य अंशाच्या आसपास द्रवरूपच राहतो. कडाक्याच्या थंडीत आपला गॅस मंदावतो तो यामुळेच. याखेरीज उन्हाळाभर पडून राहिलेल्या हीटरच्या बारीक छिद्रात कोळी जाळे विणतो. वायू बंद करून, हीटर थंड असताना, ते दाबाच्या हवेने साफ करावे. तार घातल्यास छिद्र मोठे होऊन ज्योत बिघडते.

ज्योत धरते, पण चावी सोडताच विझते, हा दुसरा प्रकार. ज्योतीत दोन भिन्न धातूंचा एक जोड असतो. तो तापला की अल्पशी वीज निर्माण होते आणि तीच वायूची झडप उघडी धरते. १८२१ मध्ये सीबेक यांनी शोधलेल्या तत्त्वाचा हा उपयोग होय. जोड तापण्यास वेळ लागतो. म्हणून चावी सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावी. तरीही ज्योत विझली, तर जोडाचे टोक काजळले आहे किंवा ज्योतीबाहेर सरकले आहे, असे समजावे.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. हीटर पेटतो, काही काळ चालतो आणि आपोआप विझतो. बंद शेडमध्ये हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरला, की अनेक हीटरांतील ज्योत त्या जोडापासून दूर सरकते आणि वायू बंद होतो. येथे बिघाड यंत्रात नसून खोलीतल्या हवेत असतो. दार उघडावे, हवा खेळती करावी. ही सोय बिघाड समजून काढून टाकणारा मनुष्य कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण देतो. त्या विषारी वायूला वास नसतो आणि तो झोपेतच माणसाला गाठतो.

थंडीत कुडकुडणाऱ्याला विझलेला हीटर शत्रूसारखा वाटतो. परंतु पुष्कळदा तोच त्या शेडमधील एकमेव जागा पहारेकरी असतो.