राजवाड्यातल्या विद्यार्थिनी



माझी उमेदीची सगळी वर्षं मानसशास्त्र शिकवण्यात गेली. वर्गावर जाणं जितकं ठरलेलं, तितकंच आणखी एक काम दरवर्षी ठरलेलं असे, ते म्हणजे विभागाचा वार्षिक अहवाल. शोधनिबंध किती छापून आले, पीएच.डी. किती जणांना मिळाली, नेट-सेट कोण कोण उत्तीर्ण झालं, आविष्कार स्पर्धेत कुणाला बक्षीस लागलं. हे रकाने भरताना मला हमखास एका परक्या विभागाची आठवण यायची. शंभर वर्षांपूर्वीचा, बर्लिनमधला. त्यांनी हे रकाने कसे भरले असते, असा चाळा मनाला लागायचा.

जर्मनीच्या कैसरने 1918 साली गादी सोडली, तो हॉलंडला निघून गेला आणि शहराच्या मध्यावरचा त्याचा अवाढव्य राजवाडा रिकामा पडला. त्यातल्या काही दालनांत बर्लिन विद्यापीठाच्या मानसशास्त्र संस्थेने आपलं बिऱ्हाड मांडलं. प्रमुख होते वोल्फगांग कोलर. टेनेरिफ बेटावर चिंपांझींची बुद्धी तपासून आलेले. पण आज मी बोलणार आहे ते तिथल्या एका कनिष्ठ शिक्षकाबद्दल, आणि खरं तर त्याच्या विद्यार्थिनींबद्दल. शिक्षकाचं नाव कुर्ट लेविन. हा माणूस ज्यू होता, आणि बर्लिनमध्ये कायमची प्राध्यापकी त्याच्या वाट्याला कधीच आली नाही. पण विद्यार्थी त्याच्याभोवतीच गोळा व्हायचे. लिथुआनियाहून आलेली ब्लूमा झायगार्निक, सायबेरियातल्या चिता गावची मारिया ओव्स्यान्किना, बाकूची तमारा डेम्बो, फिनलंडची अनित्रा कार्स्टेन. बहुतेक मुलीच, आणि त्याही परदेशच्या.

संस्थेजवळच्या स्वीडिश कॅफेत ही मंडळी तासन्‌तास बसत. कोण काय प्रयोग करतंय, कुठे अडलंय, याच्या गप्पा. आपल्या या बैठकीला त्यांनी स्वतःच एक चेष्टेचं नाव ठेवलं होतं, त्याचा अर्थ साधारण ‘वटवट्यांचा कट्टा’ असा होईल. त्याच कॅफेतल्या वेटरची गोष्ट प्रसिद्ध आहे. ती सांगणारे ती निरनिराळ्या तऱ्हांनी सांगतात, पण गाभा एकच. कोणी किती कॉफी घेतली, कोणी केक घेतला, वेटर काहीही लिहून न घेता बिनचूक सांगायचा. पैसे देऊन झाले. अर्ध्या तासाने लेविनने त्याला बोलावलं आणि पुन्हा तेच बिल करायला सांगितलं. तो म्हणाला, आता कसं आठवणार, तुम्ही पैसे दिलेत ना!

आपल्याकडच्या जुन्या हॉटेलांत गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडे निघालं की आतून पोऱ्या ओरडायचा, ‘काळी टोपी, बारा आणे!’ तुमच्यापैकी वयस्कर श्रोत्यांच्या कानांत ती आरोळी अजून असेल. काळी टोपी दाराबाहेर पडली की ते बारा आणे पोऱ्याच्या डोक्यातूनही बाहेर पडत असणार. लाखो लोकांनी हे पाहिलं. त्यातून प्रयोग उभा करायला मात्र झायगार्निक लागली.

तिने माणसांना एकामागून एक वीसेक साधी कामं दिली. मातीची आकृती कर, पुठ्ठ्याची डबी कर, मणी ओव, कोडं सोडव, गणित कर. त्यातली निम्मी पुरी होऊ द्यायची आणि निम्म्यांच्या वेळी, माणूस अगदी रंगात आला की, ‘राहू दे, आता हे दुसरं कर’ म्हणून काम काढून घ्यायचं. लोक चिडायचे. शेवटी विचारायचं, काय काय केलंत, आठवून सांगा. पहिल्या मालिकेतल्या 32 जणांना अर्धवट कामं पुऱ्या कामांच्या जवळजवळ दुप्पट आठवली. वेगवेगळ्या मालिका धरून एकूण 164 माणसांवर तिने हे तपासलं आणि 1927 साली निबंध छापून आला. मासिकातल्या कादंबरीखालचा ‘क्रमशः’ महिनाभर का छळतो, याचं उत्तर मिळाल्यासारखं झालं. झायगार्निक परिणाम हे नाव तेव्हापासून प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, आणि आता जाहिरातवाल्यांच्याही तोंडी आहे.

इथे मला जरा थांबायचंय. ओव्स्यान्किनाने पुढच्याच वर्षी याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली. तिने काम मध्येच तोडलं आणि मग आठवतं का म्हणून विचारलंच नाही. स्वतः दुसऱ्या कशात गुंतल्यासारखं दाखवून ती नुसती पाहत राहिली. माणसं आपण होऊन त्या अर्धवट कामाकडे वळायची. कुणी सांगितलेलं नाही, बक्षीस नाही, काही जण तर तिची नजर चुकवून हळूच. पुढच्या काळात दोन्ही प्रयोग अनेकांनी पुन्हा करून पाहिले. स्मरणाचा निकाल कधी आला, कधी आला नाही, कधी उलटाही आला. कामाकडे परत वळण्याची ओढ मात्र बरीच टिकून दिसली. नाव झालं झायगार्निकचं, आणि हाती भक्कम राहिलं ते ओव्स्यान्किनाचं. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगत असे. परीक्षेत अर्थातच एकीवरच प्रश्न यायचा.

डेम्बोचा विषय होता राग. राग प्रयोगशाळेत आणायचा कसा? तिने जमिनीवर एक चौकोन आखला, माणसाला त्यात उभं केलं. समोर, हाताच्या जरासं पलीकडे, एक फूल. पाय चौकोनाबाहेर न काढता फूल घ्यायचं. एक युक्ती सापडते, दुसरीही सापडते. मग ती म्हणायची, आता तिसरी शोधा. तिसरी नव्हतीच. माणसं तास-तास झगडायची, तिच्याशी हुज्जत घालायची, रागाने लाल व्हायची, आणि तरी पुन्हा चौकोनात येऊन उभी राहायची. कार्स्टेनने लोकांना तेच ते करायला लावलं, रेघा ओढ, ओढतच राहा. ‘हात उचलत नाही’ म्हणणाऱ्याला प्रयोग संपला असं सांगून नाव-पत्ता लिहायला दिला, की हात सुरळीत चालायचा. शिणला होता तो हात नव्हेच! मुलांच्या अभ्यासाच्या वह्या तपासणाऱ्या आईबापांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

हे सगळे निबंध एका नियतकालिकात, एका मालिकेत प्रसिद्ध झाले. मालिकेचा संपादक लेविन, कल्पना पुष्कळदा त्याच्याच. पण निबंधावर नाव फक्त विद्यार्थिनीचं. मार्गदर्शकाचं नाव पुढे की मागे यावरून विभागात अबोले धरलेले मी पाहिले आहेत, म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं.

हा कट्टा दहा-अकरा वर्षंच टिकला. 1933 साली हिटलर आला. लेविन तेव्हा अमेरिकेतून जपान आणि मॉस्कोमार्गे घरी परतत होता. त्याच वर्षी त्याने जर्मनी कायमचा सोडला. ज्यू सहकाऱ्यांना काढल्याचा निषेध कोलरने एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात उघडपणे छापला, 1935 साली तोही गेला. डेम्बो आणि ओव्स्यान्किना आधीच अमेरिकेत पोचल्या होत्या. झायगार्निक 1931 सालीच मॉस्कोला गेली होती. तिथे 1940 साली तिच्या नवऱ्याला अटक झाली, पदरात दोन लहान मुलगे.

दुसऱ्या महायुद्धात ती उरल पर्वताजवळच्या इस्पितळात डोक्याला इजा झालेल्या सैनिकांबरोबर काम करत होती. मेंदू जखमी झाला की माणसाचा विचार कुठे तुटतो, हे ती पाहत होती. त्याच दशकात डेम्बो कॅलिफोर्नियात, हातपाय गमावलेल्या, चेहरा विद्रूप झालेल्या सैनिकांशी बोलत होती. धडधाकट माणसं त्यांच्याकडे कशी पाहतात, कोणता कळवळा त्यांना नकोसा होतो, हे टिपून घेत होती. एकाच कॅफेत बसणाऱ्या या दोघींच्या मध्ये आता अख्खं जग होतं.

तो राजवाडा बॉम्बहल्ल्यात जळला आणि 1950 साली पूर्व जर्मनीच्या सरकारने उरलेला पाडून टाकला. 1983 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी झायगार्निकला लेविनच्या नावाचा पुरस्कार जाहीर केला. लेविनला जाऊन तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती, आणि विद्यार्थिनीने ऐंशी ओलांडली होती. आमच्या अहवालात ‘विद्यार्थ्यांना मिळालेले पुरस्कार’ असा एक रकाना असतो. ही नोंद त्यात बसली असती. पण भरायचा कुणी?