नाल्याच्या काठचं गवत

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, 'तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल.' एआयवर तुम्ही रोज मोबाइलवर ऐकताच. मी आज आपल्या नाल्यांबद्दल बोलणार आहे. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण अजून धान पिकवतात आणि बाकीच्यांच्या घरी त्याच धानाचा तांदूळ शिजतो, म्हणून विषय सगळ्यांचाच आहे.

आपला जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि माजी मालगुजारी म्हणून 'मामा तलाव' झाले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. तलावाचं पाणी बांधीत येतं, एका बांधीतून दुसरीत उतरतं, शेवटच्या बांधीतून नाल्यात जातं. नाल्यातून पुढच्या गावच्या तलावात, नाहीतर चुलबंद, सूर, बावनथडी यांपैकी एखाद्या नदीत आणि अखेर वैनगंगेत. वरच्या गावाने पाण्यात जे सोडलं, ते खालच्या गावाच्या दारात पोचतं.

आता या पाण्यात आपण काय सोडतो? युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २० किलो नत्र असतं. भातशेतीत त्यातलं निम्म्याहून कमीच पीक उचलतं. उरलेलं काही हवेत उडतं, काही खाली मुरतं, काही पावसाबरोबर वाहून जातं. स्फुरद तर मातीच्या कणांना चिकटूनच प्रवास करतं.

खत तलावात गेलं तरी आपलं काम सोडत नाही. तिथे ते शेवाळ आणि जलपर्णी पोसतं. शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करतं, पण रात्री तोच वापरतं आणि मेल्यावर कुजताना आणखी संपवतं. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. त्यात नुकसान होतं ते ढिवर बांधवांचं, ज्यांनी युरियाची गोणी कधी विकतही घेतली नाही. विहिरीचाही प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक सांगतं. त्याचा सर्वांत जास्त धोका तान्ह्या बाळांना असतो.

वैनगंगेचं सगळं खापर शेतकऱ्यावर फोडायचं नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत येतं आणि गोसेखुर्दच्या जलाशयात साठतं. ते थांबवणं सरकारचं आणि महापालिकेचं काम. पण गावच्या मामा तलावात नागपूरचं पाणी येत नाही. तिथे येतं ते आपल्याच बांधीतलं.

आमच्या धंद्यात 'बफर' हा शब्द रोजचा आहे. माहिती वेगाने येते आणि घेणारा हळू असतो, तेव्हा मध्ये थोडी जागा ठेवतात. ती माहितीला थोपवते आणि घेणाऱ्याला झेपेल तशी पुढे देते. शेत आणि नाला यांच्यामधला गवताझाडांचा पट्टा नेमका हेच करतो. दाट गवतात पाण्याचा वेग मोडतो, माती खाली बसते आणि मातीला चिकटलेलं स्फुरद तिथेच राहतं. पाणी मुरतं, झाडांची मुळं नत्र उचलतात. काठच्या ओल्या जमिनीत, जिथे हवा कमी असते, तिथले जिवाणू नायट्रेटचं रूपांतर नत्रवायूत करतात आणि तो हवेत निघून जातो.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २०१५ मध्ये यासाठी कायदाच केला. तिथे सार्वजनिक जलाशयांच्या आणि नद्यांच्या काठाने सरासरी ५० फुटांचा कायम हिरवा पट्टा ठेवावा लागतो. आपल्याकडे ५० फूट कोण सोडणार? पाच मीटर धरू. शंभर मीटर काठासाठी ५०० चौरस मीटर, म्हणजे एकराचा आठवा हिस्सा. दोन एकरवाल्याला हे सोपं नाही. म्हणून पट्टा रिकामा ठेवा असं मी म्हणत नाही. वरच्या अंगाला जनावरांसाठी चाऱ्याचं गवत, मध्ये बांबू आणि करंज, पाण्यालगत वाळा, अर्जुन, जांभूळ. गवत कापून नेलं की त्याने उचललेलं नत्र-स्फुरदही शेताबाहेर न जाता गोठ्यात आणि शेणखतातून परत बांधीत येतं. खालच्या गावाचं तळं यामुळे सुधारत असेल, तर रोपांचा खर्च एकट्या काठावरच्या शेतकऱ्याने का सोसावा? तो ग्रामपंचायतीने आणि आपल्यासारख्या बाहेर गेलेल्यांनी उचलावा.

पण बफर दोन ठिकाणी हरतो. एक, पाणी त्याच्यातून न जाता बाजूने निघून गेलं तर. आपण धुरा फोडून नाली काढतो आणि ती थेट नाल्यात उतरते. मग दोन्हीकडे कितीही गवत असो, उपयोग शून्य. नालीचं तोंड पट्ट्याच्या अलीकडेच पसरट करून पाणी गवतावर पसरलं पाहिजे. दुसरं, आत येणारंच कमी झालं नाही तर बफर भरून वाहतो. मातीची स्फुरद धरायची ताकदही संपते. म्हणून मोठा पाऊस दिसत असताना युरिया टाकू नये, मात्रा विभागून द्यावी आणि टाकल्यावर निदान आठवडाभर बांधीचं पाणी बाहेर सोडू नये. यात शेतकऱ्याचाच पैसा वाचतो.

हे आपल्या माणसांना जमणारं आहे. १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर यांच्या संस्थेसोबत ढिवर समाजातल्या बायामाणसांनी तलावांतलं बेशरम उपटलं आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तलाव आतून सुधारायला त्यांनी सुरुवात केली. काठ आपण सांभाळू या. नाला खोल करताना जेसीबीने दोन्ही काठ खरवडून टाकतात, तेवढं जरी ग्रामसभेत थांबवलं तरी खूप झालं.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक काम. सेंटिनेल उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका दहा मीटरचा असतो. पाच मीटरचा पट्टा त्यात नीट कळत नाही. म्हणून पुढच्या वर्षी रोवणीनंतर, पाऊस उघडल्यावर, तुमच्या सरांना सोबत घेऊन गावच्या एका नाल्याच्या काठाने चाला. पाण्यात उतरू नका. शेताचं पाणी जिथे जिथे नाल्यात पडतं, तिथे नकाशावर खूण करा. त्या खुणा नोंदवायचं साधं अ‍ॅप मी शाळेला करून देईन. पहिली झाडं आणि पहिलं गवत कुठे लावायचं, ते त्या खुणाच सांगतील. रोपांचा पहिल्या वर्षाचा खर्च आमच्या बॅचने उचलावा, अशी सूचना मी इथेच मांडते. हात वर करायला संकोच करू नका, वर्गात सर पाहत असताना करायचो तसा.