दहा सेकंदांचा उजेड

उजेडाबद्दल बोलायला चंद्रपूरच्या उन्हाळ्याइतका चांगला मुहूर्त नाही. भर दुपारी भूमिगत खाणीतून वर आलेला कामगार डोळ्यांवर आडवा हात धरतो, आणि थोड्या वेळात त्याची नजर स्थिरावते. ज्याची स्थिरावत नाही, त्याच्याविषयी आज बोलायचं आहे.

घुग्घुसकडचे ट्रकवाले डोळ्यांच्या तपासणीला आले की सांगतात, "समोरून लाईट पडला का मंग लय वेळ काईच दिसत नाई जी." चष्म्याचा नंबर बरोबर, मोतीबिंदूही नाही. मग दोष कुठला? डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध असलेल्या पीतबिंदूचा, म्हणजे मॅक्युलाचा, की मागच्या नसेचा?

इथे टॉर्च आणि सेकंदकाट्याचं घड्याळ कामाला येतं. एक डोळा झाकायचा. दुसऱ्याने तक्त्यावरची किती बारीक ओळ वाचता येते ते लिहून ठेवायचं. अक्षरओळख नसेल तर इंग्रजी 'ई'चा तक्ता; पाती जिकडे वळली असतील तिकडे आजीबाई तीन बोटं वळवून दाखवतात, आणि शिकलेल्यांपेक्षा झटपट! मग टॉर्च डोळ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून दहा सेकंद थेट उजेडाकडे बघायला लावायचं. टॉर्च बंद, घड्याळ सुरू. मघाच्या ओळीच्या वरची ओळ कधी वाचता येते, ते मोजायचं. साधारण 50-60 सेकंदांच्या आत जमलं तर ठीक. दीड-दोन मिनिटं गेली तर संशय मॅक्युलावर. दोन्ही डोळ्यांतला फरक अधिक बोलका. टॉर्चचे सेल मात्र ताजे हवेत. मिणमिणत्या उजेडात आजारी डोळाही पास होतो.

असं का? मॅक्युलातल्या शंकुपेशींमध्ये प्रकाश टिपणारं रंगद्रव्य असतं. झगझगीत उजेडात ते विटतं आणि पेशींमागच्या थराच्या मदतीने पुन्हा तयार होतं. मधुमेहाने सूज आली, पडद्याखाली पाणी साचलं किंवा वयाने झीज झाली, की ही भरपाई रेंगाळते. नस फक्त निरोप पोचवते. ती आजारी असेल तर नजर कमी होते, पण हा वेळ सहसा वाढत नाही.

गोळ्यांनी पडदा बिघडतो का, असं गडचिरोलीत हिवतापाच्या क्लोरोक्वीनबद्दल हमखास विचारतात. तीन दिवसांच्या गोळ्यांनी पडदा बिघडत नाही. संधिवातासाठी त्याच जातीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी मात्र पडदा नियमित तपासून घ्यावा.

पडद्याचा थर न् थर दाखवणारं ओसीटी यंत्र टॉर्चच्या या परीक्षेपेक्षा कितीतरी अचूक, हे मान्य. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी यंत्रापर्यंत आधी कुणाला पाठवायचं, हे ठरवायला टॉर्च उपयोगी पडतो.

घरी जाऊन नातवंडांच्या डोळ्यांत मोबाईलचा टॉर्च मात्र मारू नका. त्यापेक्षा एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघा. सरळ चौकट वाकडी दिसली, तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांना गाठा.